आधी गाणं, मग नाणं

समोर पसरलेल्या हातावर पैसा ठेवण्याआधी त्या हाताच्या मालकाची तोंडी परीक्षा घेणारा, आणि तो नापास झालाच तर पुरवणी परीक्षेची तारीख देऊन एसटीत चढणारा माणूस सगळ्या भारतात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासरे जावयाला जवाईबापू म्हणतात. या दोन संबोधनांत इतका मान भरलेला आहे की एकमेकांशी मोकळं बोलायला जागाच उरत नाही. त्यामुळे मी लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांच्याबरोबर प्रवास करताना फक्त खिडकीबाहेर पाहत असे. खिडकीच्या आतल्या बाजूला जे चाललेलं असे, ते पाहण्याची हिंमत मला फार उशिरा आली.

कारंजा लाडच्या धान्यबाजारात मामाजींनी एका अडत दुकानात चाळीस वर्षं माल पारखला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर तूर वर काढायची, तळहातावर अंगठ्याने फिरवायची, एक दाणा दाढेखाली फोडायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. "एक नंबर." "दोन नंबर." किंवा, "वली हाय, वाळवून आना." हर्रासीत, म्हणजे लिलावात, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. पुढे वय झालं, दुकान सुटलं, पण अंगठ्याची सवय काही सुटली नाही. पोती मिळेनात, तेव्हा त्यांनी माणसं पारखायला घेतली, आणि हातात वेळ अन् खिशात ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट असल्यामुळे ही माणसं त्यांना एसटी स्टँडवर सापडली. "मांगनाऱ्याले फुकट देनं म्हंजे त्याचा अपमान हाय, जवाईबापू," ते मला म्हणत. "दर मानसात काई ना काई माल असतेच. आपुन पोत्यात खोल हात घातला पायजे. म्हनून आपला नेम हाय. आधी गाणं, मग नाणं."

गाणंच पाहिजे असा हट्ट नव्हता. कोलांटी चाले, नक्कल चाले, बैलाच्या घुंगरांचा आवाज तोंडाने काढला तरी चाले. पण काहीतरी झालंच पाहिजे. आणि जे आधीच कलावंत असत त्यांची तर आणखी कडक तपासणी होई. एकदा कारंज्याच्या स्टँडवर बहुरूपी आला. फौजदाराचा वेष, हातात छडी, "चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं," असा खास दरडावणीचा सूर. बाकीचे लोक हसून त्याला पाच-दहा रुपये देत होते. मामाजींनी त्याला नखशिखांत न्याहाळून सांगितलं की टोपी हवालदाराची आहे आणि पट्टा साहेबाचा आहे, अशी भेसळ आपल्याला चालत नाही. तो बिचारा दुसऱ्या दिवशी टोपी बदलून आला आणि दहाची नोट घेऊन गेला. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यानंतर महिन्याभराने आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडवर एक खरा पोलीस मामाजींना म्हणाला, "ओ बाबा, पिशवी रस्त्यातून उचला." मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं, अंगठा बोटांवर फिरवला, "कपडे एक नंबर हायेत, पन चालनं पटलं नाई," असं म्हणून पाचचं नाणं भर स्टँडवर, पन्नास माणसांदेखत त्याच्या हातावर ठेवलं. त्या पोलिसाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. कोणीतरी आपल्यासाठी सापळा लावला आहे अशी त्याची खात्री झाली असावी. ते नाणं निखाऱ्यासारखं खाली टाकून तो असा निघाला, की मामाजी मागून ओरडले, "आता चाल पटली!"

सासूबाईंनी या छंदापायी जे सोसलं त्याला तोड नाही. एकदा दोघं माझ्याकडे मेडशीला येत होते. (मी मेडशीच्या शाळेत शिकवतो आणि स्टँडपासून पाच मिनिटांवर राहतो. कारंज्याहून येताना मालेगावला गाडी बदलावी लागते.) गाडीत एक आंधळा गायक चढला. दोन कडवी म्हणून, पैसे गोळा करून, तो पुढच्या थांब्यावर उतरला. मामाजींना तिसरं कडवं ऐकायचं होतं. ते त्याच्यामागे उतरले. गाडी निघाली, सासूबाई गाडीत, मामाजी रस्त्याच्या कडेला बाभळीखाली मान डोलावत. दोन तासांनी ते माझ्या घरी पोहोचले, तेव्हा सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता एवढंच विचारलं, "मी बी गाऊ काय आता? म्हंजे माह्यासाठी बी उतरसान कुठं तरी." मामाजींनी यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तुह्या आवाजात वल हाय." त्या दिवशी त्यांना रात्रीचं जेवण मी वाढलं.

मालेगावला एक मधल्या वयाचा माणूस भीक मागत असे. त्याला काहीच येत नव्हतं. मामाजींनी त्याच्या पोत्यात खूप खोल हात घातला, पण मूठ रिकामीच वर आली. तेव्हा त्यांनी त्याला स्वतः शिकवायचं ठरवलं आणि येता-जाता चार फेऱ्यांत कोंबड्यासारखं आरवायला शिकवलं. मामाजी खूश झाले. पुढे तो माणूस कुठलीही गाडी स्टँडात शिरली की मान ताठ करून आरवू लागला, आणि त्याची मिळकत निम्म्यावर आली. बायका पदर सावरून लांबून जात, पोरं रडत. शेवटी त्याने मामाजींना गाठून तक्रार केली, "बाप्पा, तुमच्या कोंबड्यापायी माहा धंदा बसला जी. लोक मले पागल समजून राह्यले." मामाजींनी खिशातून वीसची नोट काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि सांगितलं, "लोकाइले कळत नाई. तू सोडू नको." आता सांगायला हरकत नाही, मी त्याला गुपचूप आणखी दहा रुपये देऊन सोड म्हणून सांगितलं होतं.

असा हा माणूस आयुष्यात फक्त एकीपुढे हरला. ती म्हणजे आमच्या मेडशीच्या स्टँडवरची आजी. स्टँडच्या शेडशेजारी कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याला टेकून ती बसते. पुढ्यात जर्मलची वाटी, मांडीवर काठी, अंगावर कुणीतरी दिलेलं पोरीचं शाळेचं स्वेटर. ती कोणाला हाक मारत नाही. माणूस समोरून गेला की वाटी दोन बोटं पुढे सरकवते, बस. मामाजी पहिल्यांदा तिच्यापुढे उभे राहिले तेव्हा मी त्यांना घ्यायला गेलो होतो, म्हणून तो संवाद मला तोंडपाठ आहे.

"आजी, काय म्हन्ता येते तुले?"

"भूक लागली म्हन्ता येते."

"ते तं सगळ्याइलेच येते. चालीवर म्हन."

"भुकेले चाल रायते काय?"

मामाजी जरा मागे सरले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की काही नाही तर एखादी ओवी म्हण, आपण दहा रुपये देऊ. आजीने वाटी मागे ओढली आणि म्हणाली, "मी मांगून राह्यली, इकून नाई राह्यली. द्याचे असन तं द्या, नाई तं सावली सोडा."

त्या दिवसापासून दोघांचं युद्ध सुरू झालं आणि ते चार वर्षं चाललं. मामाजी दर खेपेला तिच्यापुढे थांबत, "काई बसवलं काय, आजी?" असं विचारत, आणि ती "बसली हावो ना मी, दिसत नाई काय?" असं काहीतरी उत्तर देई. त्यांनी बोली वाढवत वाढवत पन्नासपर्यंत नेली. आजी ढिम्म. घरी आल्यावर मामाजी चहा पिताना तिच्याविषयी चिडून बोलत, पण त्या चिडण्यात मला वेगळंच काही ऐकू येई. इतकी वर्षं पोत्यात हात घातल्यावर त्यांना पहिल्यांदा असं पोतं भेटलं होतं, ज्याचं तोंडच उघडत नव्हतं.

आता मामाजींचा आणखी एक नेम सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेकीच्या घरचा पैसा ते घेत नसत. आमच्याकडे जुनी माणसं अजून हे पाळतात, पण मामाजींचं पाळणं म्हणजे कडेलोट होता. माझ्याकडे दोन दिवस राहिले तर जाताना ताटाखाली नोट ठेवून जात. एकदा मी त्यांचं रिक्षाचं भाडं दिलं, तर आठ दिवसांनी ते पैसे परत करायला कारंज्याहून एसटीने आले. "जवाईबापू, तुमचा एक रुपया जरी माह्या खिशात आला ना, तं मी पोरगी देल्ली नाई, इकली असं होईन," असं ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी हसलो नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पुसातल्या थंडीतली गोष्ट. मामाजी एकटेच माझ्याकडे आले होते. निघायच्या दिवशी सकाळी दारात नंदीबैलवाला आला. मामाजींनी त्याचे नेहमीचे प्रश्न रद्द केले आणि बैलाची स्वतः मुलाखत घेतली. "यंदा तुरीले भाव येईन काय?" बैलाने मान हलवली. "सोयाबीनपक्षा जास्त येईन काय?" बैलाने पुन्हा हलवली. या बैलाला बाजार कळतो, असं म्हणून मामाजींनी बंडीच्या आतल्या खिशातली नोट काढून दिली. दुपारी निघताना बाहेरच्या खिशातली नोट खाऊसाठी नातीच्या हातावर ठेवली. आतल्या खिशात एक आहे, या हिशेबाने. मी मोटरसायकलवर सोडतो म्हणालो, तर जावयाला त्रास नको म्हणून पायीच गेले. ते गेल्यावर बायकोच्या लक्षात आलं की ओल्या तुरीच्या शेंगांची पिशवी दाराशीच राहिली. ती घेऊन मी मागोमाग स्टँडवर गेलो.

मामाजी शेडपाशी उभे होते आणि खिसे चाचपत होते. आधी डावा, मग उजवा, मग आतला. मग आतला, उजवा, डावा. टोपी काढून टोपीतही पाहिलं. मला सकाळचा बैल आठवला आणि सगळा प्रकार लक्षात आला. त्यांच्याकडचा मोबाइल साधा, बटणांचा. त्यात पैसे मावत नाहीत. मी खिशातून शंभराची नोट काढून दोन पावलं पुढे गेलो आणि थांबलो. ही नोट मी पुढे केली तर काय होईल, ते मला स्वच्छ दिसलं. हा माणूस ती घेणार नाही, आणि जावयाने आपल्याला असं पाहिलं या शरमेने पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. मी पानटपरीच्या मागे झालो. टपरीवाल्याच्या हाती पैसे पाठवावेत असा विचार केला, पण तो गावभर सांगेल ही भीती वाटली. इतक्यात मालेगावची गाडी लागली.

मामाजी एका ओळखीच्या शेतकऱ्याजवळ गेले, तोंड उघडलं, मिटलं, "थंडी लय हाय यंदा," असं म्हणून परत आले. कंडक्टरजवळ गेले, त्यालाही थंडीच सांगितली. नुसता हात पसरायचा नाही, हा त्यांचा स्वतःचाच कायदा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांना लावलेला. मग त्यांनी टोपी सारखी केली, शेडच्या पायरीवर चढले, हात जोडले आणि एक भजन सुरू केलं.

मी मामाजींचं गाणं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. कोणीच ऐकलं नव्हतं, आणि ते का, हे पहिल्या ओळीतच कळलं. सूर असा उंच लागला की दुसऱ्या ओळीला त्यांना मध्येच थांबून खाली उतरावं लागलं. दुसरं कडवं आठवेना, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं, जरा जोरात. ताल धरायला त्यांनी पायरीवर पाय आपटला, तो नेमका ताल सोडून पडला. लोक गोळा झाले. स्टँडवर उभं राहून मोठ्याने बोलणारा माणूस काहीतरी विकतच असतो, अशी आमच्याकडची समजूत आहे. एकाने विचारलं, "बाबा, चूर्न हाय काय?" दुसरा म्हणाला, "केवढ्याले हाय?" एका बाईने तर दाढदुखीवर काही असेल तर दाखवा म्हणून पुढे येऊन आ केला. मामाजी गातच होते. कोणी एक पैसा दिला नाही. गाता गाता त्यांचा उजवा अंगठा आपोआप बोटांवर फिरू लागला, आणि त्यांचा चेहरा पडत गेला. आपल्या मालाचा नंबर त्यांना कळला होता. मी टपरीमागे शेंगांची पिशवी घट्ट धरून उभा होतो.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तेव्हा कडुनिंबाखालची आजी उठली. तिला उभी मी पहिल्यांदाच पाहत होतो. काठी टेकत ती पायरीपर्यंत आली, वाटीतल्या नोटा आणि चिल्लर ओंजळीत घेऊन मामाजींपुढे धरली आणि म्हणाली, "घ्या जी. अन् पुरे करा आता."

मामाजींच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. "पसंद पडलं काय, आजी?"

"गान्याचे नाई देऊन राह्यली," आजी म्हणाली. "तुमची गाडी लागली ना, म्हनून देऊन राह्यली."

मामाजींनी दोन्ही हात पुढे केले. नुसते हात, रिकामे. तिने त्यांत पैसे ओतले. ते पायरी उतरून गाडीत चढले आणि गाडी गेली. मी टपरीमागून बाहेर आलो आणि शेंगांची पिशवी आजीजवळ ठेवली. तिने पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी तिथं उभे होते, म्या पाह्यलं, गुरुजी," ती म्हणाली. "सांगू नका त्याइले." मी नाही सांगितलं. आजतागायत नाही.

पुढच्या खेपेला मामाजी नवी कोरी नोट घेऊन आले आणि घरी येण्याआधी तिच्यापुढे उभे राहिले. तिने घेतली नाही. त्यांनी शपथ घातली, तरी नाही. हे मला तिनेच नंतर सांगितलं. ती त्यांना म्हणाली होती, "जल्मभर मी घेतच आली. माह्या हातून कोनाले देल्लं गेलं ते एकदाच. ते तसंच राहू द्या जी." मी उगाच तिला गाडीची वेळ विचारली.

त्यानंतर मामाजींच्या परीक्षा बंद झाल्या. मालेगावचा कोंबडेवाला त्यांना पाहून जुन्या सवयीने मान ताठ करी, तर ते घाईघाईने, "राहू दे लेका, घे," म्हणत आणि भलतीकडे पाहत त्याच्या हातावर नाणं ठेवत. आजीला मात्र काही देता येत नसे, म्हणून ते तिच्याजवळ नुसते बसत. एक गाडी सोडून दुसरी, मग तिसरी. स्टँडवर वासुदेव आला, दोरावर चालणारी पोरगी आली, की दोघं मिळून पारख करत, आणि तेव्हा असं आढळलं की आजी मामाजींपेक्षा कितीतरी कडक आहे. ते "एक नंबर" म्हणाले की ती "ह्याऽऽ" म्हणे, आणि ते निमूटपणे एक नंबरचा दोन नंबर करत. चाळीस वर्षांत हर्रासीत ज्यांचा शब्द कोणी मोडला नव्हता, त्यांचा शब्द ती पान थुंकावं तसा उडवून लावी, आणि त्यांना ते आवडे.

गेल्या उन्हाळ्यात मामाजींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी एसटीची पायरी बंद केली. सासूबाई म्हणतात, दिवसभर ओट्यावर बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून चहा पाजतात, काही न विचारता. परवा शाळेतून येताना मी स्टँडवरून जात होतो, तर आजीने काठीने मला थांबवलं. "गुरुजी, तुमचे सासरे लय दिवस झाले दिसले नाईत." मी गुडघ्यांचं सांगितलं. तिने वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "त्याइले म्हना, एक डाव येऊन जा. गानं म्हटलं तरी चालीन."

मी तिथूनच फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि मामाजी म्हणाले, "कोनतं म्हनू, इचारा तिले."

मी विचारलं. आजी म्हणाली, "कोनतंही चालीन म्हना. पन लहान."

त्या दिवसापासून मामाजी ओट्यावर बसून एखादं लहान गाणं आठवत आहेत. रोज संध्याकाळी फोन करून मला दोन-चार ओळी ऐकवतात, मी ऐकतो, आणि ते स्वतःच म्हणतात की नाही, हे लांब होईल. गाणं ठरलं की गाडी करून त्यांना मेडशीला आणायचं, असं मी आणि बायकोने ठरवलं आहे. गाडीचं भाडं ते मला देऊ देणार नाहीत, ते माहीत आहे. दोघांची वयं पाहता ते गाणं लवकर सापडावं, एवढंच मला वाटतं.